मालक कोण?

'भागीदार' हा शब्द व्यापारी घरांत सहज उच्चारला जात नाही. पेढीवर एखाद्याला भागीदार करून घ्यायचे तर महिनोन्‌महिने विचार चालतो. दोन्ही घरांतील वडीलधारी माणसे एकत्र बसतात, करारनामा होतो, भांडवल कोणाचे किती, नफा-तोटा कोणत्या प्रमाणात, बँकेचे खाते कोणाच्या सहीने चालणार, हे सारे लिहून ठेवले जाते. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याने भागीदाराला पेढीच्या वह्या पाहण्याचा आणि त्यांची नक्कल घेण्याचा हक्क दिला आहे. सर्व भागीदारांच्या संमतीवाचून धंद्याचे स्वरूप बदलता येत नाही, हेही त्याच कायद्यात नमूद आहे.

हाच शब्द आज ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील हजारो टॅक्सीचालकांना लावला जातो. ॲपवरून प्रवासी मिळवून देणाऱ्या कंपन्या आपल्या चालकाला नोकर म्हणत नाहीत, 'पार्टनर' म्हणतात. शिळफाट्याजवळ, पलावाच्या प्रवेशद्वारापाशी, कल्याण स्थानकाच्या बाहेर, घोडबंदर रस्त्यावरील गृहसंकुलांच्या सावलीत पिवळ्या पाटीच्या गाड्या उभ्या असतात आणि आत हा पार्टनर मोबाइलकडे डोळे लावून बसलेला असतो. पर्युषणात भल्या पहाटे डोंबिवलीहून टेंभी नाक्यावरील देरासरापर्यंत जाणाऱ्या कुटुंबाला तोच नेतो आणि रात्री विमानतळावर उतरलेल्या पाहुण्यांना घरी तोच आणून सोडतो.

व्यापाऱ्याच्या मोजमापाने या भागीदारीकडे पाहिले, तर काय दिसते? भाडे किती घ्यायचे हे कंपनी ठरवते. कोणता प्रवासी कोणत्या चालकाकडे जाणार हे कंपनीची संगणकप्रणाली ठरवते. कंपनीचा वाटा किती, सवलत कोणत्या दिवशी, प्रोत्साहनाची रक्कम केव्हा वाढणार आणि केव्हा आटणार, यांपैकी कशातही चालकाला विचारले जात नाही. मोबाइलवर संदेश येतो, तो मान्य करायचा अथवा काम बंद ठेवायचे. प्रवाशांनी दिलेले तारे कमी पडले, तक्रार झाली, फेऱ्या फार नाकारल्या, तर चालकाचा आयडी बंद होतो. वह्या पाहण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही. या पार्टनरकडे भागीदाराचे एकच लक्षण शिल्लक राहते आणि ते म्हणजे तोटा. गाडी त्याची, कर्ज त्याचे, दंडाची पावती त्याची, गाडी ठोकली गेली तर बुडालेले दिवसही त्याचेच.

कंपन्यांची बाजूही नीट ऐकली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की, आम्ही केवळ मध्यस्थ आहोत. चालक आणि प्रवासी यांची गाठ घालून देतो. ॲप केव्हा सुरू करावे, केव्हा बंद करावे, आज काम करावे की गावी जावे, हे चालक स्वतः ठरवतो. तो एकाच वेळी दोन-तीन कंपन्यांची ॲप वापरतो. असा मनुष्य नोकर कसा? आणि हेही खरे की अनेक चालकांना नोकर होण्याची इच्छा नाही. कोणाच्या हाताखाली न राहता स्वतःची गाडी चालवावी, याच ओढीने त्यांनी कारखान्यातील किंवा दुकानातील नोकरी सोडलेली असते.

मध्यस्थ असल्याच्या या दाव्यातील एक विसंगती मात्र हिशेब ठेवणाऱ्यांच्या चटकन लक्षात येईल. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ९(५) नुसार ॲपवरून घेतलेल्या प्रवासी वाहतुकीवरील कर भरण्याची जबाबदारी कंपनीवर आहे, आणि ती 'जणू तीच सेवा पुरवठादार आहे' असे गृहीत धरून टाकलेली आहे. १ जानेवारी २०२२ पासून ॲपवरून बोलावलेली रिक्षाही या तरतुदीखाली आली. कर वसूल करताना कायदा कंपनीला सेवा देणारी मानतो. त्याच फेरीतील श्रमाचा प्रश्न आला की तीच कंपनी केवळ गाठ घालून देणारी ठरते. अलीकडे काही कंपन्यांनी कमिशन सोडून चालकाकडून रोजचे ठरावीक शुल्क घेण्याची पद्धत सुरू केल्यापासून हा करप्रश्नही पुन्हा गुंतागुंतीचा झाला आहे.

'येण्याजाण्याचे स्वातंत्र्य आहे, म्हणून तो कामगार नाही' हा युक्तिवाद मोबाइलबरोबर जन्माला आलेला नाही. महाराष्ट्राने तो साठ वर्षांपूर्वी विडी कारखान्यांत ऐकला आहे. सिन्नर येथील एका विडी कारखान्यातील कामगाराला भरपगारी रजेचा हक्क आहे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 'शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने तो कायद्याच्या पुस्तकांत आहे. निकाल १९६१ चा. कामगार कारखान्यात बसून विड्या वळत असे आणि हजार विड्यांमागे मजुरी मिळवत असे. पण तो मनाला येईल तेव्हा येई, मनाला येईल तेव्हा जाई, न आला तरी चाले. विड्या वळताना त्याच्यावर देखरेख नसे, केवळ दिवसाअखेर नाठाळ विड्या बाजूला काढल्या जात. बहुमताने न्यायालय म्हणाले की, हा कारखाना कायद्याच्या अर्थाने कामगार नव्हे. न्या. सुब्बा राव यांनी वेगळे मत नोंदवले. त्याआधी अगदी थोड्याच काळापूर्वी नागपूरच्या विडी कारखान्यातील कामगारांना याच न्यायालयाने कामगार मानले होते, कारण तेथे हजेरी लागत होती आणि कामाच्या वेळा ठरलेल्या होत्या. काम तेच, तंबाखू तीच, पान तेच, फरक हजेरीपटाचा. या विसंगतीवर तोडगा अखेर संसदेने काढला. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने कारखान्यात बसणाऱ्यांबरोबरच घरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांनाही आपल्या कक्षेत घेतले. येण्याजाण्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न तेथे संपला.

कापडाच्या धंद्यातील वाचकांना सिकंदराबादच्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसचा खटला अधिक जवळचा वाटेल. शिलाईच्या नगावर पैसे घेणारे शिंपी दुकानाचे कामगार आहेत काय, असा तेथे प्रश्न होता. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने 'होय' असे उत्तर दिले आणि त्याची जी कारणे दिली, ती आज वाचली तर ॲपलाच उद्देशून लिहिली असावीत असे वाटते. शिवलेला कपडा पसंत पडला नाही तर तो परत करून पुन्हा शिवून घेण्याचा अधिकार मालकाकडे असणे, हेच नियंत्रण होय. मनुष्य दिवसभर काम करण्यास बांधलेला नाही, एवढ्यावरून तो कामगार नाही असे ठरत नाही. तो अन्य दुकानांचेही काम करत असेल, तरी एकाहून अधिक मालकांचा नोकर असू शकतो. सिन्नरला दिवसाअखेर विड्या निवडल्या जात, सिकंदराबादला कपडा परत येई, आणि आज प्रत्येक फेरीनंतर तारे दिले जातात. तारे प्रवासी देतो खरा, पण त्यांचा हिशेब ठेवणारी आणि त्यावरून काम काढून घेणारी कंपनीच असते.

परदेशांतील न्यायालयेही जवळजवळ याच वाटेने गेली. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरविरुद्ध यासीन अस्लम आणि जेम्स फॅरर या चालकांच्या बाजूने निकाल दिला. भाडे कंपनी ठरवते, कराराच्या अटी कंपनी ठरवते, फेऱ्या नाकारणाऱ्यावर कंपनी निर्बंध आणते, ताऱ्यांच्या आधारे चालकाला दूर करते आणि प्रवाशाशी त्याचा संबंध फेरीपुरताच राहील याची काळजी घेते. कागदावर काहीही लिहिलेले असो, हा स्वतंत्र व्यावसायिक नव्हे. तथापि त्या न्यायालयाने चालकांना पूर्ण अर्थाने नोकर म्हटले नाही. ब्रिटिश कायद्यात नोकर आणि स्वतंत्र व्यावसायिक यांच्यामध्ये 'वर्कर' नावाची एक पायरी आहे, तेथे त्यांना बसवले. किमान वेतन, भरपगारी रजा आणि निवृत्तिवेतनाची वर्गणी एवढे त्यांच्या पदरी पडले. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात उलट घडले. तेथील कायदेमंडळाने चालकांना नोकर मानणारा कायदा केला, तर कंपन्यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये सार्वमत घेऊन त्यातून स्वतःची सुटका करून घेतली.

भारताने तिसरी वाट धरली आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आला. त्यात 'गिग कामगार' आणि 'प्लॅटफॉर्म कामगार' अशा नव्या व्याख्या आहेत आणि दोन्ही व्याख्यांचा पाया असा की, हे लोक पारंपरिक मालक-नोकर नात्याच्या बाहेर काम करतात. म्हणजे नोकर आहे की नाही, हा प्रश्न कायद्याने सोडवला नाही, बाजूला ठेवला. त्याऐवजी कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत भरावी, मात्र ती कामगारांना दिलेल्या वा देय असलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून अधिक असू नये, असे कलम ११४ मध्ये म्हटले आहे. कोणकोणत्या धंद्यांना हे लागू, याची यादी सातव्या अनुसूचीत आहे आणि तिच्यात पहिलेच नाव प्रवासी वाहतुकीचे आहे.

मालकाचा निश्चित पत्ता नसलेल्या कामगाराला आधार कसा द्यावा, या प्रश्नाची महाराष्ट्रातील व्यापाऱ्यांना फार जुनी आणि प्रत्यक्ष ओळख आहे. ती ओळख म्हणजे माथाडी. दाणाबंदर, मशीद बंदर येथील किराणा बाजार, कापड बाजार, लोखंड बाजार, येथे पाठीवर आणि माथ्यावर ओझी वाहणारा हमाल कोणाचा नोकर होता? सकाळी एका पेढीची पोती उतरवायची, दुपारी दुसऱ्या वखारीत थप्पी लावायची, संध्याकाळी तिसऱ्याचा ट्रक भरायचा. प्रत्येक व्यापारी प्रामाणिकपणे म्हणू शकत होता की, हा माझा माणूस नाही, हा टोळीचा माणूस आहे. मुकादम म्हणे, मी फक्त माणसे आणतो. काम प्रत्येकाचे होत होते, जबाबदारी कोणाचीच नव्हती. हमाल आजारी पडला, त्याची पाठ मोडली किंवा म्हातारपण आले की सातारा जिल्ह्यातील आपल्या गावी परत जात असे, आणि बाजारातील त्याचा हिशेब तेथेच संपे.

अण्णासाहेब पाटील यांनी या हमालांची संघटना बांधली आणि १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. त्याचे वेगळेपण असे की, त्याने 'मालक कोण' हे शोधण्यात वेळ घालवला नाही. शासन, व्यापारी आणि कामगार यांच्या प्रतिनिधींचे मंडळ स्थापन केले. कामगाराने मंडळाकडे नाव नोंदवायचे, व्यापाऱ्यानेही नोंदवायचे. मजुरी हातावर न ठेवता मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही द्यायची. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस, रजा, दवाखाना. दहा पेढ्यांची दहा कामे एकाच खात्यावर जमा होऊ लागली आणि दहा मालकांच्या हमालाला प्रथमच एक पासबुक मिळाले.

हा कायदा व्यापाऱ्यांनी हसतमुखाने स्वीकारला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. बाजार बंद राहिले, न्यायालयांत आव्हाने झाली, कायदा टिकला. पुढे बाजार वाशीला गेला, लेव्हीही बरोबर गेली. ज्या घराण्यांची पेढी दोन-तीन पिढ्या धान्यात, मसाल्यात किंवा लोखंडात आहे, त्यांच्या वहीत लेव्हीचे खाते हमालीच्या खात्याशेजारी अर्धशतकाहून अधिक काळ नांदत आहे.

या व्यवस्थेची काळी बाजूही व्यापाऱ्यांइतकी कोणी जाणत नाही. माल यंत्राने उतरवला तरी मजुरी मागणारे, टेंपोच्या दारात उभे राहून वाराई उकळणारे, माथाडीच्या नावाखाली दंडेली करणारे टोळभैरव यांनी कारखानदार आणि व्यापारी हैराण झाले, आणि खऱ्या माथाडीचे नावही त्यात बदनाम झाले. काही मंडळांचा कारभार सुस्त, नोंदी अपुऱ्या, हेही सर्वज्ञात आहे. हे दोष मुख्यतः रोखीच्या व्यवहारातून आणि कोणी किती पोती उचलली हे सिद्ध करण्याच्या अडचणीतून वाढले. ॲपच्या धंद्यात ही अडचण मुळातच नाही. कोणता चालक कोठून कोठे गेला, किती किलोमीटर, किती मिनिटे, प्रवाशाने किती दिले, कंपनीने किती ठेवले, याची पैशापर्यंत नोंद प्रत्येक फेरीमागे आपोआप होते. माथाडी मंडळाच्या कारकुनाला जे कधी साधले नाही, ते येथे आयते उपलब्ध आहे. मंडळासाठी यापेक्षा सोपा धंदा शोधून सापडणार नाही.

असे असूनही महाराष्ट्र बराच काळ स्वतःच्या नियमांवाचून राहिला. केंद्राने नोव्हेंबर २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या; राज्यात मात्र परवान्याशिवाय धंदा चालूच होता आणि मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला कंपन्यांनी परवान्यासाठी अर्ज करावेत असे सांगावे लागले. राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी देशातील पहिला कायदा केला, कर्नाटकाने २०२५ मध्ये. माथाडीचा कायदा ज्या राज्याने देशाला दाखवला, ते राज्य या रांगेत मागे उभे राहावे, हे खटकते. मे २०२५ मध्ये राज्याने ॲप-टॅक्सींचे धोरण जाहीर केले. त्यात गर्दीच्या वेळची भाडेवाढ दीडपटीपर्यंत मर्यादित केली आणि भाड्यातील किमान ८० टक्के चालकाला मिळावेत असे म्हटले. परिवहनमंत्री प्रताप सरनाईक हे ठाण्यातील ओवळा-माजिवड्याचेच आमदार, त्यामुळे या भागातील चालकांच्या अपेक्षा थोड्या अधिकच होत्या. तथापि जुलैच्या मध्यास चालकांनी संप पुकारला आणि ते आझाद मैदानावर जाऊन बसले. काळ्या-पिवळ्या टॅक्सीइतका दर आणि चालकांसाठी कल्याणकारी मंडळ, या त्यांच्या मागण्यांपैकी दोन. सप्टेंबरमध्ये शासनाने किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे असा तात्पुरता दर ठरवून दिला. तो ॲपवर दिसत नाही म्हणून ऑक्टोबरमध्ये पुन्हा काम बंद झाले.

हा दर एवढा जिव्हाळ्याचा का, ते हिशेब मांडल्यावाचून कळणार नाही. समजा, डोंबिवलीच्या एका चालकाने ७ लाखांचे कर्ज काढून सीएनजीवर चालणारी गाडी घेतली. व्याज साडेदहा टक्के, मुदत ५ वर्षे. हप्ता सुमारे १५,०५० रुपये. तो रोज १२ तास, महिन्यात २५ दिवस काम करतो. दिवसाला १८० किलोमीटर गाडी धावते. त्यांपैकी प्रवासी घेऊन १२०, बाकी रिकामी, कारण विमानतळावर सोडून डोंबिवलीला परतताना भाडे मिळेलच असे नाही. किलोला २२ किलोमीटर आणि ८० रुपये धरले, तर महिन्याचा सीएनजी सुमारे १६,४०० रुपयांचा. विमा, परवाना, योग्यता प्रमाणपत्र, कर यांचे महिन्याला ४,००० आणि टायर, दुरुस्ती, धुलाईचे ४,००० धरू. एकूण खर्च ३९,४५० रुपये.

शासनाचा दर मिळाला आणि त्यातील ८० टक्के हातात आले, तर महिन्याची प्राप्ती ५४,५२८ रुपये. खर्च वजा जाता १५,०७८ उरतात, म्हणजे तासाला सुमारे ५० रुपये. चालकांची तक्रार अशी होती की, प्रत्यक्षात किलोमीटरला ८ ते १२ रुपयेच हाती येतात. त्यातील वरचा आकडा, १२ रुपये घेतला, तरी प्राप्ती ३६,००० होते आणि ३,४५० रुपये कमी पडतात. महिनाभर रोज १२ तास काम करून घरात भाजी आणण्याआधीच तूट! मग तो १२ चे १५ तास करतो, डोळ्यांवर झोप घेऊन शिळफाटा ओलांडतो, दुरुस्ती पुढे ढकलतो किंवा हप्ता थकवतो. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. गाडी जुनी असेल वा कर्ज फिटले असेल तर चित्र बदलते. परंतु ज्याचा हप्ता चालू आहे, त्याच्या बाबतीत हा चालक धंदा करतो आहे की गाडी विकत घेण्यासाठी आपले श्रम उधार देतो आहे, असा प्रश्न पडावा.

आता सामाजिक सुरक्षा संहितेतील १ ते २ टक्क्यांकडे पुन्हा वळले पाहिजे. टक्के कशावर? 'वार्षिक उलाढाल' म्हणजे प्रवाशाने दिलेले संपूर्ण भाडे की कंपनीने ठेवलेले कमिशन? वरील उदाहरणात महिन्याचे एकूण भाडे ६८,१६० रुपये होते आणि कंपनीचा वाटा १३,६३२. पूर्ण भाड्यावर २ टक्के घेतले तर या चालकाच्या नावे महिन्याला १,३६३ रुपये निधीत जातील. केवळ कमिशनवर घेतले तर २७३, आणि दर १ टक्का ठरला तर १३६. आडत्याची उलाढाल म्हणजे त्याची आडत की गोणीची किंमत, हा बाजारातील जुनाच वाद. येथे त्यावर एका माणसाचे म्हातारपण अवलंबून आहे. तुलनेसाठी, २० हून अधिक माणसे असलेल्या दुकानात १५,००० रुपये पगार घेणाऱ्या गुमास्त्यासाठी व्यापारी भविष्य निर्वाह निधीत १२ टक्के म्हणजे १,८०० आणि राज्य विम्यात सव्वातीन टक्के म्हणजे सुमारे ४८८ रुपये दरमहा भरतो. त्याच महिन्यात या टॅक्सीच्या भाड्यावर शासनाला ५ टक्के दराने ३,४०८ रुपये कर मिळतो. छोट्या दुकानदाराने गुमास्त्यामागे २,२८८ रुपये भरावेत आणि देशोदेशी धंदा करणाऱ्या कंपनीने चालकामागे २७३ वर सुटावे, याला समतोल म्हणता येणार नाही.

चालकांना नोकर ठरवण्याच्या आग्रहापेक्षा माथाडीच्या धर्तीचे मंडळ अधिक उपयुक्त ठरेल, असे या सर्व तपशिलावरून दिसते. नोकर ठरवले तर कोणत्या कंपनीचे, हा वाद न्यायालयांत वर्षानुवर्षे चालेल, कारण चालक तीन ॲपवर काम करतो. फेरीमागे लेव्ही आकारली तर तीन ॲपवरील कमाई एकाच खात्यात जमा होते, चालकाचे स्वातंत्र्यही शाबूत राहते. मात्र मंडळात चालकांचे प्रतिनिधी हवेत, आणि आयडी बंद करण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची व्यवस्था हवी. दुकानातून गुमास्त्याला काढताना नोटीस द्यावी लागते. चालकाचा आयडी बंद व्हायला एक संदेश पुरतो. केंद्राच्या नियमांचा जो मसुदा डिसेंबर २०२५ अखेर प्रसिद्ध झाला, त्यात लाभासाठी वर्षात एका कंपनीकडे ९० दिवस किंवा अनेक कंपन्यांकडे मिळून १२० दिवस काम अशी अट होती. अनेक मालकांचे काम एकत्र मोजण्याची माथाडीचीच कल्पना तेथे आली आहे, ही समाधानाची गोष्ट.

हा विषय वाचक घरांना आणखी एका अंगाने भिडतो. 'गाडी लावणे' हा बऱ्याच कुटुंबांतील जोडधंदा आहे. दुकानातील शिल्लक गुंतवून दोन-चार गाड्या घ्यायच्या, त्या ॲपवर लावायच्या आणि पगारावर किंवा रोजच्या ठरावावर चालक ठेवायचा. येथे कंपनीने कितीही पार्टनर म्हटले, तरी पगारावरील चालकाचा मालक गाडीचा मालकच. कामावर असताना अपघातात चालक जखमी झाला वा दगावला, तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. १९२३ चा भरपाई कायदा आता याच सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. गाडी स्वतः चालवणाऱ्या मालकाला १५ लाखांचे वैयक्तिक अपघात विमाछत्र बंधनकारक असते, पण ते मालक-चालकासाठी. पगारी चालकाला ते मिळत नाही. म्हणून विम्याचे नूतनीकरण करताना पॉलिसीत 'पगारी चालकाप्रति कायदेशीर जबाबदारी' ही ओळ आणि तिच्यासमोरचा हप्ता छापलेला आहे की नाही, हे पाहून घ्यावे. ठरावावर चालक ठेवणाऱ्यांनी ठराव लिहून ठेवावा, पगार बँकेतून द्यावा आणि चालकाची ई-श्रम पोर्टलवर नोंदणी झाली आहे काय, हे विचारावे. आधार क्रमांक, त्याला जोडलेला मोबाइल आणि बँक खाते एवढ्यावर ती विनामूल्य होते, आणि नोंदणीनंतर १२ अंकी क्रमांक मिळतो.